मागून येणारी पावलं

मी चुकीचं दार उघडलं आणि आधी दिसल्या त्या सँडल. लाल, उंच टाचांच्या, बायकांच्या. त्यात कोंबलेले पुरुषाचे दोन भलेमोठे पाय... आणि त्या पायांवर, खडीने भरलेल्या खोक्यात जागच्या जागी तुरुतुरु धावणारा एक उंच, दाढीवाला, कमालीचा गंभीर माणूस. त्याची नजर समोरच्या पडद्यावर होती. तिथे माझ्याच सिनेमातली नायिका आवाजाविना पळत होती.

मला हसू आवरेना. चांगली खदखदून हसले.

"गेलं! पुन्हा पहिल्यापासून," तो खोक्यातून उतरत म्हणाला. "कोण आपण?"

"मी... या सिनेमाची लेखिका."

"अच्छा! म्हणजे या बाईंना टाचांच्या सँडल घालून घाटात पळवणाऱ्या त्या तुम्ही?" त्याने वाकून घोटा चोळला. "फार उपकार झाले हो."

"सँडल दिग्दर्शकाच्या. मी साध्या चपला लिहिल्या होत्या!"

"मग माफ केलं," तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्यातच माझा घात झाला, खोटं कशाला बोलू?

शूटिंगच्या वेळी पावलांचे आवाज नीट येत नाहीत. ते नंतर अशा खोलीत, पडद्याकडे बघत, कुणीतरी चालून भरायचे असतात. नायक, नायिका, चोर, पोलीस, सगळ्यांच्या वाटचं हाच चालायचा. स्टुडिओत त्याला सगळे पाऊलबुवा म्हणायचे. दिग्दर्शकाची खोली शेजारचीच होती, त्यामुळे पुढचे काही दिवस माझं दार रोज चुकत राहिलं.

"लेखिकाबाई, आज तरी बरोबर दार सापडलं का?"

"नाही ना... सगळी सारखीच दिसतात."

"हो, फक्त माझ्या दारावर तेवढी मोठी पाटी आहे."

सिनेमा भुताचा होता. मी भुताखेतांचंच लिहिते. त्याचं सगळं श्रेय माझ्या आत्याला. तिनेच मला वाढवलं. बाजारातून घाट चढून घरी येताना ती सांगायची, या घाटात एकट्या वाटसरूच्या मागून एक बाई चालते. पावलं ऐकू येतात, पण मागे वळून बघायचं नाही. बघितलंस की संपलं! माझी बोबडी वळायची. पण भीती ही बघायची नसून ऐकायची गोष्ट असते, हे मला तिथेच कळलं. पुढे लेखन शिकवणारे खूप भेटले, त्यापेक्षा जास्त कुणी शिकवलं नाही.

सिनेमात मी तीच बाई घेतली होती. शेवटी वाटसरू मागे बघतो आणि ती त्याची मान मुरगळते. भयपटात मागे बघणाऱ्याची मान शिल्लक ठेवायची नाही असा रिवाजच आहे.

एका दुपारी पाऊलबुवा कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"लेखिकाबाई, रागावू नका. पण ही बाई त्याला मारायला येत नाहीये."

"अहो, लिहिलंय मी! मला नाही कळणार?"

"तुम्ही लिहिलंत, पण तिची पावलं मी चाललोय. तो दमला की ती सावकाश होते. तो थांबला की थांबते. घात करायचा असता तर त्याची चाल कशाला सांभाळली असती? ती..." तो जरा अडखळला, "ती सोबत करतेय हो त्याला."

हे सगळं मीच लिहिलं होतं आणि मलाच दिसलं नव्हतं. माझं लिखाण इतक्या मायेने कुणी वाचलं नव्हतं, आणि यानं तर ते पायांनी वाचलं होतं. मी दिग्दर्शकाशी भांडून मान मुरगळण्याचा प्रसंग काढायला लावला. आता वाटसरू गावाच्या दिव्यांकडे निघून जातो, ती शेवटच्या वळणावर थांबते. मग अंधार.

त्या प्रसंगाची पावलं भरायचा दिवस हाच त्याचा इथला शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या सिनेमाला जाणार होता. पानोपानी माणसं मारणारी मी, पण एक साधं वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडेना.

"दोघांची पावलं एकत्र हवीत," तो म्हणाला. "मला पाय दोनच. तुम्ही तिची चाला. वळण आलं की थांबायचं."

आम्ही मातीच्या खोक्यात शेजारी शेजारी चालू लागलो. मी पडद्याकडे बघायचं होतं... मी त्याच्याकडे बघत होते. वळण आलं, ती थांबली. मी चालतच राहिले, त्याच्या पावलाला पाऊल जुळवून.

"चुकलं!" काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला ओरडला. "ती कधीच थांबली!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या वेळी मी शहाण्यासारखी वळणावर थांबले.

"प्रीमियरला याल ना?" निघताना मी विचारलं.

"कठीण दिसतंय. तुम्हाला... काही म्हणायचं होतं का?"

"छे. सांभाळून जा."

मूग गिळून घरी आले आणि उशीत तोंड खुपसून रडले.

प्रीमियरला शेजारी आत्या होती. सिनेमा संपत आला. वाटसरू दिव्यांकडे गेला, ती वळणावर थांबली, पडदा काळा झाला. मी पर्स उचलायला वाकले... आणि अंधारात पावलं वाजू लागली. एक जड, एक हलकं. दोन्ही बरोबरीने, न थांबता.

माझी चूक! त्याने ती पुसलीच नव्हती.

आत्याने माझं मनगट घट्ट धरलं. "अगं, ती थांबली नाही. गेली त्याच्याबरोबर." तिचा आवाज ओला झाला होता. "माझ्या गोष्टीत बिचारी कायम मागेच राहायची."

"आत्या, ती पावलं माझी आहेत."

"आणि दुसरी?"

मी सांगितलं. सगळं, घाईघाईने, पडद्यावर नावं उजळेपर्यंत.

"दाढी आहे का त्याला?" आत्याने विचारलं. "कारण मागच्या रांगेतला एक दाढीवाला मघापासून पडदा सोडून तुझ्याकडेच बघतोय."

माझी मान ताठ झाली. "मागे बघायचं नाही ना, आत्या?"

"वेडे! पाय ओढत चालायचीस, म्हणून घाबरवायची मी तुला. बघ आता!"

मी बघितलं. तो होता. बघितल्यावरही होताच.

दिवे लागल्यावर तो आमच्यापाशी आला. "फक्त एवढंच विचारायला आलो," तो म्हणाला. "त्या दिवशी वळणावर तुम्ही थांबला नाहीत... ते मी बरोबर ऐकलं ना?"

"बरोबर ऐकलंत. मला तुम्ही आवडता. फार आवडता."

"पुन्हा एकदा घेऊ या का? इथे गलका फार आहे."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी त्याने ते डोळे मिटून ऐकलं आणि माझा हात हातात घेतला.

बाहेर आलो तेव्हा रस्ता ओला होता. त्या चुकलेल्या दाराचे, त्या लाल सँडलचे, आत्याच्या त्या घाटातल्या बाईचे मनातल्या मनात किती आभार मानू असं मला झालं होतं. आम्ही दोघं रेंगाळत चाललो होतो. आत्या मात्र भराभर पुढे निघाली होती, आणि घर येईपर्यंत तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही.