खांदेमळणी

बसूनच सांगतो. उभं राहून बोलायचं आता जमत नाही. मधेच दम खायला थांबलो तर घाई करू नका. घाई करणाऱ्याची मी पलटणीतसुद्धा गय केली नाही.

मी नाथाजी, पण रहिमतपूरच्या आसपास मला सगळे हवालदारच म्हणतात. लढाईची वर्षं मी इराणच्या वाळूत, पलटणीच्या वर्कशॉपात इंजिनं खोलण्यात काढली. तिथला आमचा साहेब रोज एकच धडा घोकून घ्यायचा. शक्ती नव्यानं तयार होत नाही. कोळशातली उष्णता वाफेत जाते, वाफेतली चाकात. रूप बदलतं, जागा बदलते, पण एकीकडं खर्च झाल्याशिवाय दुसरीकडं काम होत नाही. फुकट काही फिरत नाही. हे मला इतकं पटलं की गावी परतल्यावर देवऋषी दारात आला तरी मी त्याला पाणी पाजून वाटेला लावायचो.

परत आलो तेव्हा बैलजोडीतला एक घटसर्पानं मेलेला. उरला पाखऱ्या. तो माझ्या बायकोला, राहीबाईला, तिच्या बापानं वडूजहून आंदण दिलेला. एका बैलावर मोट चालत नाही, आणि आम्ही तर जन्मात पहिल्यांदा ऊस लावलेला. मग साठवलेल्या पगारातून मी जुनं तेलाचं इंजिन आणि पंप आणून विहिरीवर बसवला. पट्टा तेवढा लढाईनंतरच्या टंचाईत कुठं मिळेना. शेवटी मोटेचंच चामडं कापून, शिवून त्याचा पट्टा केला.

शेजारचा आकाराम ते बघत उभा होता. "हवालदार, ह्ये चामडं पाखऱ्यानं जल्मभर वढलंय," तो म्हणाला. "इंजनाला कशाला लावताय?"

"चामड्याला काय कळतंय रं?" मी म्हणालो.

इंजिन झकास चाललं. पण चैत्रात तेल मिळेनासं झालं. साताऱ्याला हेलपाटे घातले, शिरवळपर्यंत जाऊन आलो, आणि हात हलवत परतलो. उसाची पानं टोकाकडून वाळायला लागली. एका सकाळी, इंजिन गंजून बसू नये म्हणून, मी कोरड्या टाकीवर नुसतं हँडल मारलं.

इंजिन चालू झालं.

नळीत थेंबभर तेल राहिलं असेल, असं वाटलं. भाकरी खाऊन आलो तरी ते चालूच. पाट भरून पाणी वाहत होतं आणि राहीबाई पदर खोचून सऱ्या भिजवत होती. ती हरखून गेली होती. मला मात्र राग आला. टाकीत चिंधी फिरवली, ती कोरडी निघाली. तेलाची नळीच सोडून टाकली. चाक फिरतच होतं. मग सिलिंडरवर हात ठेवला. चालत्या इंजिनावर हात ठेवला तर कातडं सुटतं. हे माठासारखं गार लागलं.

बंद करायला गेलो तर बंद होईना. दिवस बुडाला, आकारामनं आपली जोडी सोडली, तेव्हा आपोआप थांबलं.

"म्हादेवाची किरपा," आकाराम म्हणाला.

"म्हादेव काय तेल घालतोय व्हय?" मी खेकसलो. "ह्ये कुणाकडनं तरी घेतंय. कुणाकडनं, ते हुडकल्याबिगर मी ऱ्हानार न्हाई."

पुढं रोज हँडल मारलं की चालायचं. सोमवारी मात्र चालू झालं नाही. हँडल मारून मारून हात खांद्यातून निखळायची वेळ आली. मंगळवारी पहिल्याच फेऱ्याला सुरू. पुढच्या सोमवारी पुन्हा मढ्यासारखं पडून.

राहीबाई हसायला लागली. "आवं, इंजनाला बी सोमवार कळतोय. बाईमानसालाच तेवढा कुनी सोमवार ठेवला न्हाई."

सोमवार महादेवाचा. त्या दिवशी आमच्याकडं बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. ती चेष्टेनं बोलली, पण ते माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू केलं आणि धूर निघतो त्या नळकांड्याशी वाकलो. धूर नव्हता. ओलसर, कोमट वारा येत होता, आणि त्याला चघळलेल्या कडब्याचा वास होता.

तसाच गोठ्याकडं पळालो.

पाखऱ्या दाव्याला बांधलेला होता. माझ्या डोळ्यांदेखत तरी त्याला कुणी जुंपलं नव्हतं. तो घामानं निथळत होता. तोंडाला फेस, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. खांद्यावरचं कातडं सोलून लाल झालं होतं. विहिरीवर इंजिनाचा ठोका पडला की त्याची मान खाली जायची.

राहीबाईनं त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. "माझ्या बाचा बैल मारू नगासा! ऊस जाऊ द्या चुलीत!"

ऊस माझ्याही जिवाचा तुकडा होता. पण मुक्या जिवाचं रक्त पाजून वाढवायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी हँडलला हात न लावता पाखऱ्याला घेऊन निघालो. शीव ओलांडली तसा त्याचा घाम वाळायला लागला. मुक्काम करत करत वडूज गाठलं. सासऱ्याच्या गोठ्यात त्याच्या खांद्यावर खपली धरेपर्यंत राहिलो, आणि मग एकटाच परत फिरलो.

गावाजवळ आलो तर इंजिनाचा आवाज.

वाटेतच थबकलो. मग ध्यानात आलं, आज सोमवार. बैल वडूजला, आणि वर सोमवार. म्हणजे हे बैलाचं काम नव्हे, कुठून तरी तेल मिळालं. किती दिवसांनी जीव हलका झाला! मी लांबूनच आकारामला हाक मारली, "तेल कुणी आणलं रं?"

"कुठलं त्याल?" तो म्हणाला. "तुमी गेल्यावर वैनींनी चालू केलं. तवापास्नं रोज चालतंय. पर वैनी काई भायेर दिसल्या न्हाईत."

मी धावलो.

राहीबाई उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. हातात काही काम नव्हतं. लुगडं घामानं भिजून अंगाला चिकटलं होतं. इंजिनाचा ठोका पडला की तिची मान खाली जात होती.

"पानं वाळाय लागली, आवं," ती धापा टाकत म्हणाली. "म्या चाकावर हात ठिवला. म्हनलं, लागंल त्ये घे, पर चालू हो."

मी तिचा पदर बाजूला केला. खांदा सोलला होता.

"आज तर सोमवार," माझ्या तोंडून निघालं.

"मला कवा व्हता सोमवार?"

विळा उचलून विहिरीवर गेलो. पट्टा कापला.

चाक फिरतच राहिलं. पंपातून पाणी येतच राहिलं.

मोठा दगड उचलून इंजिनावर घातला. घरातून राहीची किंकाळी आली. दगड पुन्हा उचलायची छाती झाली नाही.

मग साहेबाचा धडा आठवला. शक्ती नाहीशी होत नाही. पण जागा बदलते.

दोन्ही हात चाकावर ठेवले. "तिला सोड," मी म्हणालो. "हवालदार हाय हितं. घे."

एक ठोका चुकला.

माझ्या खांद्यावर काहीतरी रुंद, लाकडासारखं येऊन बसलं. इंजिन पुन्हा पहिल्यासारखं चालू लागलं.

तर असं आहे. राही त्याच संध्याकाळी उठून भाकऱ्या थापायला बसली. उसाला पाणी कमी पडलं नाही. पाखऱ्याही बरा होऊन आला, अंगानं भरला. इंजिन सकाळी, अगदी सोमवारीसुद्धा, आपलं आपण चालू होतं आणि दिवस बुडाला की थांबतं. ते चालतं तेव्हा मी इथंच, या खांबाला टेकून बसतो. मला पश्चात्ताप वगैरे काही नाही. कुणाकडनं घेतंय ते हुडकणार म्हणालो होतो, हुडकलं.

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा पोळा, त्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत. त्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचा खांदा तूप-हळदीनं मळायचा आणि त्याला उद्याचं आवतण द्यायचं. राहीनं पाखऱ्याचा खांदा मळला. मग तीच वाटी घेऊन ती माझ्याकडं आली. सदरा बाजूला सारून तिनं माझा खांदा मळला, आणि कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाय या." तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मानेवर पडत होतं.

बेंदराच्या दिवशी इंजिन चालू झालं नाही.