सात नंबरची गादी

तो हात तुम्ही पाहिलात, आणि त्याचं पोस्टर केलंत. शर्यतीच्या गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेला, तेलाने काळा पडलेला एक हात, आणि खाली सोनेरी अक्षरांत तुमची ओळ : ‘तो शेवटपर्यंत उतरला नाही.’ तो हात काय मागत होता, हे पंचेचाळीस वर्षांत तुमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. उलट त्याच पोस्टरखाली बसून तुम्ही निवांत जेवलात. किळस काय फक्त गटाराचीच यायची असते?

तर नव्या गाडीच्या चाचणीच्या दिवशीची गोष्ट. लख्ख सकाळ होती, आणि काम म्हणावं तर दोन मिनिटांचं. गाड्यांच्या त्या कारखान्यात सीट शिवणारी जी मुलगी होती, तिला सगळे सुई म्हणत. अंगाने किडकिडीत आणि जिभेला धार, म्हणून. आदल्या आठवड्यात शिवलेल्या सीटवर कुठे दोरा सुटलाय का ते पाहायचं, असला तर कापायचा, आणि गाडी चाचणीला सोडायची. एवढंच.

गाडी तशी सबंध नवी होती. कार्बन फायबरचं काळं अंग, आरशासारखी काच, बोट लावताच उघडणारं दार. पण तिचा घाट जुन्या सात नंबरच्या गाडीचा होता, जिने पंचेचाळीस वर्षांपूर्वी चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. जिंकून देणारा चालक नंतर दवाखान्यात वारला, असं सगळे सांगत. त्या जुन्या गाडीतली एकच वस्तू नवीत बसवली होती. सीट. कारखान्याचे साहेब पाहुण्यांना सांगायचे की यात तिचा आत्मा आहे. सुईला त्या वाक्याने दरवेळी शिसारी यायची, पण पहिल्या चाचणीला तिचा धाकटा भाऊ बसणार होता, तेव्हा सीट तरी आपल्या हातून नीट व्हावी म्हणून तिने ते काम मागून घेतलं होतं.

वजनकाट्यावरचा माणूस गाडी तोलत होता. चार चाकांखाली चार चपटे काटे. चाचणीआधी आणि चाचणीनंतर गाडी रिकामी तोलायची, म्हणजे पेट्रोल किती जळलं ते कळतं. मग चालकाला वेगळा तोलायचा. धाकटा काट्यावर उभा राहिला.

“अडुसष्ट,” काटेवाला म्हणाला. “गेल्या वेळी सदुसष्ट होता. ताई जरा जास्तच लाड करते वाटतं.”

धाकटा हसला आणि शिरस्त्याप्रमाणे जाता जाता सुईची वेणी ओढून गेला. लहानपणापासूनची खोड.

सुईने दार उघडून आत डोकं घातलं, आणि तिला आधी वास आला.

नव्या चामड्याचा वास तिच्या ओळखीचा. हा तो नव्हता. बंद डब्यात विसरलेल्या ओल्या लोकरीसारखा, त्यात जळलेलं तेल, आणि त्याच्याही खाली काहीतरी आंबट, घशाशी येणारं. तिने सीटवर तळवा टेकला. सीट कोमट होती. बसमध्ये कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या जागेवर आपण बसतो, आणि परक्या अंगाची ऊब आपल्या अंगाला चिकटते, तशी. सकाळपासून त्या गाडीत कुणी बसलं नव्हतं.

टाक्यांच्या कडेने बारीक थेंब होते. तिने पांढरं फडकं फिरवलं. फडकं पिवळं झालं. तिने दुसरी बाजू फिरवली, तीही पिवळी. पुसलेल्या जागेवर तिच्या डोळ्यांदेखत थेंब पुन्हा वर आले. कपाळावर यावेत तसे. सावकाश.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. नळाखाली तिने हात तीनदा धुतले. वास नखांत राहिला.

साहेबांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी नाकाला रुमाल लावून आत डोकावून पाहिलं आणि अत्तर मारायला सांगितलं. ती म्हणाली, सीट बदलू, दोन दिवस द्या. साहेब म्हणाले, याच सीटसाठी माणसं रांग लावून उभी आहेत. थोडा वास आला तर अस्सल वाटेल.

“माणसाच्या घामाला तुम्ही अस्सल म्हणता?” ती म्हणाली.

“तू शिव,” साहेब म्हणाले. “विकतो आम्ही.”

तेव्हा तिला मामाची आठवण झाली. आईवडिलांच्या माघारी दोघा भावंडांना मामाने वाढवलं होतं, आणि मामा तरुणपणी याच कारखान्यात त्या सात नंबरच्या गाडीवर मेकॅनिक होता. त्या शर्यतीबद्दल तो कधी चकार शब्द काढत नसे. तिने मागच्या गोदामात जाऊन त्याला फोन लावला. वास सांगितला, ऊब सांगितली.

“गादी काढली होतीस ना?” मामाने विचारलं.

“कुठली गादी?”

“जुनं चामडं काढलंस, तेव्हा खाली...”

होती. जुन्या चामड्याखाली एक जाड, दबलेली गादी होती, वरून घाईघाईत कापड शिवलेली. ते वेडेवाकडे टाके कुठेतरी पाहिल्यासारखे तिला वाटले होते. सीटचाच भाग असेल, जुनं जपायचं म्हणतात, म्हणून तिने ती तशीच ठेवली आणि वर नवं चामडं चढवलं. सफाईदार टाके घालून.

मग मामा बोलायला लागला. थांबत थांबत. लांबच्या शर्यतीत एका गाडीला दोन चालक असत. एक उंच होता, एक बुटका. सीट उंच्याच्या मापाची, म्हणून बुटका आपली गादी घालून बसायचा. नियम असा की जो उतरतो, तो आपली गादी काढून घेऊन उतरतो. त्यात कधी चूक व्हायची नाही. आणि बदली हवी असली, की चालक खिडकीतून हात वर करायचा.

“त्या बुटक्याने तीन फेऱ्यांना हात वर केला गं,” मामा म्हणाला. “पोटात कळा येत होत्या त्याच्या. उंच्या हेल्मेट घालून उभा होता. पण गाडी पुढे होती, बदलीत दोन मिनिटं गेली असती. वरून हुकूम आला, चालू दे. चौथ्या फेरीला त्याने हात वर केलाच नाही...”

“दवाखान्यात गेला ना तो?”

“जिंकल्यावर चौघांनी ओढून काढला त्याला. सीटमध्येच सगळं... ओकारी, हगवण, सगळं. गार झाला होता. फोटोवाले दारात आलेले. साहेबांच्या वडिलांनी सांगितलं, झाका ते. गादीला हात कोण लावणार? मी वरून कापड टाकलं आणि शिवलं.”

सुईला तेव्हा आठवलं. तिच्या शाळेच्या दप्तरावर तसले टाके होते. मामाने घातलेले.

“तो उतरलाच नाही, पोरी. त्याला अजून बदली हवीय. गादी काढल्याशिवाय कुणाला बसू देऊ नकोस. आपल्या धाकट्याला तर...”

फोन कानाला तसाच ठेवून ती धावली. हातात चामडं कापायचा चाकू. चाचणी दुपारी तीनला होती, अजून अवकाश होता. पण काटे रिकामे होते. ऊन छान पडलंय, फोटो चांगले येतील म्हणून साहेबांनी गाडी आत्ताच सोडली होती.

ट्रॅकच्या कुंपणाशी ती पोहोचली, तेव्हा गाडी पहिली फेरी संपवून समोरून गेली. खिडकीतून हात वर आला होता.

“थांबवा त्याला,” ती म्हणाली.

साहेब हसले. पोस्टरसारखा हात करतोय, हुशार आहे म्हणाले. फोटोवाल्याला त्यांनी पुढे बोलावलं. सुईने त्यांची बाही धरली, बदली मागतोय तो, म्हणून सांगितलं. त्यांनी बाही सोडवून घेतली. दुसरी फेरी. हात पुन्हा वर, या वेळी बोटं पसरलेली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फेरीला हात खांद्यापर्यंत बाहेर होता, आणि ती कुंपणावरून अर्धी लोंबकळत ओरडत होती. इंजिनाच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

चौथ्या फेरीला खिडकीत हात नव्हता.

मग गाडी आपणहून सावकाश आत आली आणि काट्यांवर, अगदी खुणेवर, उभी राहिली. दार उघडलं. धाकटा उतरला.

तो धडधाकट होता. त्याने दोन्ही हात कमरेला लावून पाठ मागे वाकवली. फार वेळ. मग गाडीच्या छतावर दोन थापा मारल्या. कुणीतरी पाण्याची बाटली दिली, ती त्याने एका दमात संपवली, मग दुसरी. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळत होतं, आणि तो पुसत नव्हता.

सुईने त्याला मिठी मारली. त्याच्या मानेला तोच आंबट वास होता. सीटचा लागला असेल, तिने स्वतःला समजावलं.

“हात का वर करत होतास रे?”

“कधी?” तो हळूच म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलं, ते एखाद्या परक्या बाईकडे पाहावं तसं, अदबीने. “फार उशीर केलात तुम्ही लोकांनी...”

आणि तो चालायला लागला. थकलेला असेल. तिच्या वेणीला त्याने हात लावला नाही. कारखान्याच्या नव्या दाराकडे न जाता तो उजवीकडे वळला, जिथे आता नुसती भिंत आहे. मामाच्या काळात दार तिथे असायचं.

ते पाहायला सुई थांबली नाही. तिला एकच सुचत होतं, ती गादी आत्ताच्या आत्ता कापून जाळायची. साहेब मागून ओरडत राहिले. तिने दार उघडलं, सीटच्या मधोमध चाकूचं टोक टेकवलं. चामडं उबदार होतं, ओलं होतं, आणि तिला वाटलं, टोकाखाली काहीतरी आक्रसलं. तिने मूठ घट्ट केली.

काटेवाला आकड्यांकडे बघत डोकं खाजवत होता.

“सुई, चाकू जरा बाजूला घे गं,” तो म्हणाला. “पेट्रोल जळून गाडी हलकी व्हायला हवी, तर ही भरलीय. रिकामी म्हणतच नाही काटा... जळलेलं पेट्रोल धरून हिशोब केला मी, दोनदा. बरोब्बर अडुसष्ट किलो अजून आतच बसलेत.”