अशक्त असेल त्याला आधी

एप्रिल लागला की जुळे सोलापुरात दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. गुरुशांत दारं लावून घ्यायचे, खिडकीला ओला टॉवेल टांगायचे आणि पुस्तक छातीवर घेऊन पडायचे. अडतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेली. पुस्तकांशी त्यांचं जमायचं, माणसांशी बोलायचं काम बायकोचं, भुवनेश्वरीचं. फेब्रुवारीच्या अखेरीस ती गेली, आणि घरात आवाज उरला तो तिच्या कोन्युअरांचा.

कोन्युअर म्हणजे मुठीत मावेल एवढा विलायती पोपट. तिच्याकडे एक साधी हिरवी जोडी होती. पक्षी विकणाऱ्या सोमशेखरनं चार वर्षांपूर्वी ती देताना सांगितलं होतं, "अक्का, दिसायला हिरवे हायत, पण दोघांच्या रक्तात निळा हाय. एक ना एक दिवस टर्कॉइज पिल्लू निघंल बघा."

दर खेपेला पिल्लांना पिसं फुटायची ती हिरवीच. सोमशेखरकडे पिवळ्या पोटाचे पायनॅपल होते, दालचिनी रंगाचे सिनॅमन होते. पण तिला विकतचा रंग नको होता. "आपल्या घरात उमललेला पाहिजे," म्हणायची.

ती गेली तेव्हा घरट्याच्या पेटीत तीन अंडी होती.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली आणि मादीनं त्यांना भरवणं सोडलं. असं झालं की भुवनेश्वरी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवायची, मांडीवर टॉवेल अंथरायची, एक थेंब स्वतःच्या ओठावर टेकवून बघायची आणि मग सिरिंजनं भरवायची. तिचा एकच नियम होता. "अशक्त असेल त्याला आधी. दांडगं थांबतंय." गुरुशांत हे सगळं पुस्तकाआडून बघायचे. नीट विचारून घ्यायचं मात्र राहून गेलं.

त्यांनी तयार भुकटी आणली, पाण्यात कालवली, मायक्रोवेव्हमध्ये गरम केली आणि बोट बुडवून पाहिलं. वर कोमट होतं. तळाशी उकळतं होतं, ते ढवळून घ्यायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन पिल्लांची गळ्याखालची पिशवी आतून भाजली. दोन दिवसांत दोन्ही गेली. तिसऱ्यानं चोचच उघडली नव्हती, म्हणून ते वाचलं.

दोघांना त्यांनी तिच्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं. अडतीस वर्षांत एकही पुस्तक गहाळ होऊ न दिलेला माणूस, तिची दोन पिल्लं सांभाळू शकला नाही.

तिसरं त्यांच्या हातून घेईना. ढवळलं, गाळलं, ओठाला लावून पाहिलं, तरी चोच मिटलेली. तेही जाणार असं धरून ते दुपारी आडवे झाले. साडेतीनला उठून पाहतात तर पिल्लाची पिशवी बोराएवढी फुगलेली. कातडी पातळ असते, आतलं दिसतं. आत तपकिरी भुकटी नव्हती. पांढरे बारीक दाणे होते.

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन कण्यांचा डबा उपडा केला. तो फेब्रुवारीपासून रिकामाच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिरिंज कपाटात कुलूपबंद केली, किल्ली सदऱ्याच्या खिशात घातली. साडेतीनला पिशवी भरलेली. तिचा भरवायचा टॉवेल खुर्चीवर चौपदरी घडी करून ठेवलेला, एका कोपऱ्याला ओला.

सोमशेखर आला, तेव्हा पिल्लाला पिसांचे कोंब फुटले होते. त्यानं ते हातात घेतलं आणि ओरडलाच.

"सर! अक्काचा निळा!"

गुरुशांत खिडकीकडे वळले. टॉवेल सुकला होता, तो पुन्हा भिजवायला त्यांनी बराच वेळ घेतला. मग चाचरत सगळं सांगितलं.

"तुमीच भरवत असनार की, झोपंत," सोमशेखर म्हणाला. "माझा चुलता झोपंत उठून सायकल पुसायचा, आन् सकाळी घरभर विचारायचा, कोण पुसलं?"

"असेल. माझं काही सांगता येत नाही."

"किती वाळलाय सर. ऊटा आतेनु? जेवलाय का?"

"झालं," ते म्हणाले. सकाळपासून पोटात चहा आणि दोन बिस्किटं होती.

त्यानंतर दुपारी ते झोपत नसत. डोळे मिटून पडत. कधीतरी वाटीच्या काठावर सिरिंज टेकल्याचा आवाज यायचा. डोळे उघडायचं धाडस त्यांनी केलं नाही. उघडले आणि कोणी नसलं तर?

मे महिन्यात पिल्लू आपलं आपण दाणे टिपायला लागलं. आकाशी अंग, राखाडी छाती, वाटीवर बसून सूर्यफूल सोलायचं.

खुर्चीवरचा टॉवेल कोरडा राहू लागला. वाटी वाजेना.

चार दुपारी त्यांनी वाट पाहिली. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी पिल्लापुढची दाण्यांची वाटी काढली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. आपण काय करतोय ते त्यांना कळत होतं. त्यांनीही आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं.

दोनला ते आडवे झाले. आणि त्या दिवशी खरंच झोप लागली.

जाग आली ती पिल्लाच्या ओरडण्यानं. साडेतीन वाजले होते. ते पिंजऱ्याच्या गजांना लोंबकळत होतं. गळ्याखाली बोट लावलं. पिशवी रिकामी.

ती आली नव्हती.

त्यांनी कुलूप काढलं, वाटी आत सरकवली. पिल्लू दाण्यांवर तुटून पडलं. "चुकलो," ते म्हणाले, "पुन्हा नाही करणार." त्यांना हुंदका आवरेना. डोळे पुसायला त्यांनी हात वर नेला, तर तो टॉवेलला लागला.

टॉवेल त्यांच्या गळ्याभोवती होता. हनुवटीखाली नीट खोचलेला. एका कोपऱ्याला ओला.

त्यांना भूक नव्हती.

त्यांनी ओठाच्या कडेवरून जीभ फिरवली. ज्वारीची एक कणी होती. कोमट.