विमा बंद करण्याचं कारण

रविवारी दुपारी लॉन्ड्रीत बसून मी सरकारी आरोग्यविम्याच्या, चोवीस तास चालणाऱ्या ऑफिसला फोन लावला होता, आणि पलीकडून बराच वेळ एकच धून वाजत होती. फोन स्पीकरवर ठेवून मी कामावरच्या जेवणघरातले तेलकट ॲप्रन मशीनमध्ये कोंबत होते. बाहेर ओहायोतला मार्च... धड पाऊस नाही, धड बर्फ नाही.

"हे अजून एकदा वाजलं ना, तर मी त्या ड्रायरमध्ये शिरून दार लावून घेईन," शेजारून आवाज आला.

उंच, खांद्यात जरासा वाकलेला माणूस होता. टॉवेलच्या घड्या घालत होता, आणि फार वाईट घालत होता.

"आधी नाणी टाका," मी म्हटलं. "फुकट फिरत नाही तो."

तो हसला. अर्धंच. उरलेलं उद्यासाठी राखून ठेवल्यासारखं.

"काय काम आहे त्यांच्याकडे?"

"विमा बंद करायचाय. यंदा हप्ता दुप्पट केलाय त्यांनी. नाही झेपत."

"आणि आजारी पडलात तर?"

"नाही पडणार. वेळ नाहीये."

"स्वतःहून सोडलात तर नोव्हेंबरपर्यंत परत घेत नाहीत, ठाऊक आहे ना?"

"तुम्ही काय त्यांच्या ऑफिसात आहात?"

"छे! मी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात. आमचा विमा कंपनीचा. पण बहिणीने असाच सोडला, आणि जुलैत शिडीवरून पडली."

मला दमा आहे. हे त्याला सांगायचा विचार नव्हता, पण नेमका तेव्हाच खोकला आला आणि पर्समधला पंप काढून ओढावा लागला. त्याच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. तेवढ्यात फोन कट झाला—तिकडूनच.

"बघा," तो म्हणाला, "त्यांनाही तुम्ही गेलेलं नकोय."

त्याचं नाव ऑरिन. पुढच्या रविवारी तो माझ्यासाठी कॉफी घेऊन आला, त्याच्या पुढच्या रविवारी डोनटही. मी फोन लावायचे, तो घड्या घालायचा, मी त्या मोडून नीट घालायचे.

"तुला कुणी शिकवलं नाही का रे?"

"शिकवलं असतं तर तू हात लावला असतास?"

खरं सांगते, एकदा पलीकडून खरीच एक बाई बोलली. मी "चुकून लागला" म्हणून ठेवून दिला. विमा बंद झाला की फोनचं निमित्त संपलं असतं. मी शनिवारची जादा पाळी घेतली आणि हप्ता भरत राहिले. पाय इतके सुजायचे, की घरी बूट काढताना शिव्या निघायच्या. पण रविवारी लिपस्टिक लावायचे. लॉन्ड्रीत जायला!

जूनमध्ये एका रविवारी, डोनटची साखर बोटांवरून झटकत तो म्हणाला, "लोर्ना, कशाला एवढी मरतेस? लग्न कर माझ्याशी. कंपनीच्या विम्यात येशील."

मीठ पुढे कर म्हणावं, तसं म्हणाला.

आमच्याकडे अशी लग्नं होतात. कुणाचं दातांसाठी, कुणाचं बाळंतपणासाठी. माझं पहिलं लग्न गुडघ्यासाठी झालं होतं. डगच्या कंपनीचा विमा फार चांगला होता. गुडघा लवकर बरा झाला. नवरा पुढे कित्येक वर्षं दुखत राहिला. भांडण झालं की तो म्हणायचा, "चालतेस कुणामुळे?"

"मला तुझं कार्ड नकोय, ऑरिन."

"अगं, मी तसं नाही—"

"तसंच म्हणालास."

ओले कपडे तसेच पिशवीत भरून मी निघाले. त्यानंतर बुधवारी लॉन्ड्रीत जाऊ लागले. बुधवारी तिथे कुणीच नसायचं. तेच तर हवं होतं... नाही, नको होतं.

ऑगस्टमध्ये मला शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळाली. पगार बेताचा, पण सोबत विमा. माझा, माझ्या नावाचा. कार्ड हातात पडल्यावरच जुना विमा बंद करायचा असं ठरवलं होतं. ते पडलं, आणि मी रविवारी गेले. मला त्याला दाखवायचं होतं, की आता मला कुणाचं काही नको. आता पुन्हा विचार, म्हणावं.

तो होता. फोन मांडीवर, स्पीकर चालू.

"कुणाला लावलायस?"

"तुझ्याच लोकांना," तो म्हणाला. वर बघितलंही नाही. "कारखान्याची भट्टी बंद झाली. सगळ्यांना घरी पाठवलं. आमचा विमा महिनाअखेर संपतोय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या नोकरीचं गावभर झालंय. आता आलो असतो, तर कशासाठी आलो म्हणाली असतीस?"

खरं होतं. मी तेच म्हणाले असते.

शेजारी बसून मीही फोन लावला. नशीब असं, की मलाच आधी उचललं. बाईने विचारलं, "बंद करण्याचं कारण?"

"दुसरा विमा मिळाला. माझा स्वतःचा." काम चटकन झालं. इतके महिने जे जमत नव्हतं, ते!

मग त्याचा लागला. ही बाईही आमच्यासारखीच दमलेली वाटली.

"घरात माणसं किती?"

"एक."

"या वर्षात काही बदल होणार आहे? पत्ता, लग्न, मूल?"

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. "बाई, जरा थांबता का? लोर्ना..."

"आधी तुझा विमा घे," मी म्हटलं. "आत्ता हो म्हटलं, तर कोण कोणाच्या कार्डासाठी आलं, हे आपण मरेपर्यंत भांडत बसू."

"साहेब?" फोनमधली बाई म्हणाली.

"नाही बाई. सध्या... काही बदल नाही."

त्याने जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, सगळ्यात स्वस्त विमा निवडला. फोन खिशात टाकला. 

"झालं. एक तारखेपासून लागू," तो म्हणाला.

"छान."

"आता मला तुझ्याकडून काही नकोय."

"मलाही नको."

"मग... विचारू?"

"विचार. पण विम्याचा 'वि' जरी काढलास ना—"

तो उठला, पुन्हा बसला. "मला एकट्याने जेवायचा कंटाळा आलाय," तो म्हणाला. "म्हणजे... कुणाबरोबरही चालेल असं नाही. तुझ्याबरोबर. रोज. तू दमून आलीस आणि एक शब्द बोलली नाहीस तरी."

जेवणघरातली रविवारची पाळी अजून सोडली नव्हती, पहाटेपासून उभी होते मी. तोंड उघडलं, आणि उत्तरासोबत भलीमोठी जांभई बाहेर पडली.

ऑरिन माझ्याकडे बघतच राहिला. "ही जांभई होती, की 'हो' होतं?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.