एक लांब शिट्टी

मार्चमधल्या एका सकाळी, पावणेसातच्या सुमाराला, मी राजारामपुरीतल्या मैदानाच्या कडेला सिमेंटच्या बाकावर चढून उभी होते. बाकावर बसायचं असतं, उभं राहायचं नसतं, हे मलाही कळतं. पण समोरून काजूच्या रंगाचं एक कुत्रं कान मागे टाकून थेट माझ्या दिशेनं धावत येत होतं, आणि अशा वेळी माझी अक्कल माझ्या आधी पळून जाते.

ओरडायला तोंड उघडलं... आवाजच फुटेना.

फुर्र! कुठूनतरी एक आखूड शिट्टी वाजली आणि ते कुत्रं माझ्यापासून चार हातांवर गपकन खाली बसलं. जीभ बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिलं.

"घाबरू नका पावणं! काय करत न्हाय त्यो, लाडात आलाय नुसता."

मागून एक उंच, सावळा तरुण चालत येत होता. गळ्यात नाडी, नाडीला पितळी शिट्टी.

"मी पावणं नाही," मी बाकावरूनच म्हणाले. "इथंच राहते, आठव्या गल्लीत."

"मग उतरा की खाली."

"आधी त्याला बांधा."

"त्यो बसलाय. मी सांगितल्याबिगर उठायचा न्हाय." मग तो हसला. "तुम्हीच तेवढ्या उभ्या हायसा."

हा नृसिंह. संध्याकाळी फुटबॉलच्या मॅचना पंच म्हणून उभा राहायचा आणि सकाळी लोकांच्या कुत्र्यांना शिस्त लावायचा. मूळचा चंदगडचा. कुत्र्याचं नावही त्यानं तिकडच्या पिकावरूनच ठेवलेलं, काजू. आणि मी इरावती, फिजिओथेरपिस्ट. दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे सरळ करायचे आणि गल्लीत कुत्रं दिसलं की स्वतःचे लटपटायचे, असा माझा कारभार. नऊ वर्षांची असताना शाळेच्या वाटेवर एकानं डाव्या पोटरीचा लचका तोडला होता. पाच इंजेक्शनं घेतली, व्रण राहिला. तेव्हापासून कुठल्या गल्लीत किती कुत्री बसतात ते मला तोंडपाठ आहे.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या हातात एक केशरी प्लॅस्टिकची शिट्टी ठेवली.

"ही घ्या. आखूड वाजवली की काजू बसतोय. लांब वाजवली की असंल तिथनं पळत येतोय."

"लांब मला नकोच. आखूड पुरे."

"शिकून तर घ्या." त्यानं छाती भरून, कशी वाजवायची ते एकदा दाखवलं. मी कानावर हात ठेवले.

"आणि तुम्हाला?" मी विचारलं. "पावसात मॅच असते तेव्हा काय करणार?"

"माझी पितळी हाय की. तिच्यात गोळी असती, पाणी गेलं की अडकून बसती एवढंच. ह्या केशरीत गोळीच न्हाय. धो धो पावसात बी वाजती."

"मग चांगली तुम्ही ठेवा ना!"

"माझी अडकली तर मॅच थांबंल. तुमचा तर श्वासच थांबतोय."

मी शिट्टी मुठीत धरून घरी आले. आईनं ती माझ्या गळ्यात बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मुलीच्या जातीनं शिट्ट्या मारायच्या? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "आपला कुकर रोज मारतो, त्याला कुणी काही म्हणतं का?" त्यावर आईनं मला लसूण सोलायला बसवलं.

मग रोजच्या सकाळी तशाच जाऊ लागल्या. काजू धावत यायचा, मी आखूड शिट्टी वाजवायची, तो चार हातांवर बसायचा. नृसिंह बाकाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. मध्ये दोन हातांचं अंतर... तेवढं मी आठवणीनं ठेवत होते.

"फाउलची शिट्टी आखूड आणि रागाची," तो एकदा सांगत होता. "मॅच सुरू करायची लांब. ती मायेची."

"शिट्टी कधी मायेची असते का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू, ओठांत धरल्यासारखी, एक लांब शिट्टी वाजवली. काजू उठून आमच्याकडे निघालाच. मी घाईघाईनं आखूड वाजवून त्याला खाली बसवलं आणि उरलेला वेळ बुटाच्या नाडीकडे बघत काढला.

खरं सांगायचं तर एव्हाना मला दोन भीत्या होत्या. एक कुत्र्याची, जुनीच. दुसरी नवी. एखाद्या सकाळी हा माणूस मैदानावर आलाच नाही तर? मला तो आवडत होता. इतका, की त्याचा विचार आला की, कुत्रं दिसल्यासारखं, बाकावर चढून उभं राहावंसं वाटायचं.

ऑगस्टमध्ये आमच्या क्लिनिकची मंडळी चंदगडच्या डोंगरात फिरायला निघाली. माझी मैत्रीण अवंतिका हिनं सगळं ठरवलं होतं आणि वाट दाखवायला, अर्थातच, नृसिंहला बोलावलं होतं. "तुझ्यासाठीच गं," असं ती गाडीत चारदा तरी म्हणाली.

नृसिंह धरून आम्ही तेराजण होतो. पायथ्याला त्यानं प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी आहे का ते बघितलं. "कोण चुकलं तर तीन येळा वाजवायची. थांबायचं. परत तीन येळा. आणि जागा सोडायची न्हाय." तो स्वतः काजूला घेऊन सगळ्यांच्या मागं चालणार होता. कुणी मागे राहू नये म्हणून तो नेहमी तसंच करायचा.

मी त्याच्या पुढे होते. काजू नऊ वेळा माझ्या टाचांपाशी आला आणि नऊ वेळा मी त्याला खाली बसवलं.

"बसून बसून दमलं की ते!" नृसिंह म्हणाला.

दुपारी धुकं उतरलं. पुढची माणसं दिसेनाशी झाली, फक्त बोलणी ऐकू येत होती. एका वळणावर, दगडापाशी, तो थांबला.

"खाली आमचं घर हाय. आक्का वाट बघतीया. मोठी भण माझी, तिनंच वाढवलंय मला."

"सगळ्यांचा स्वयंपाक केलाय त्यांनी?"

"जेवान सगळ्यांचं केलंय," तो म्हणाला. "वाट... एकट्या तुझीच बघतीया. येशील न्हवं?"

पहिल्यांदाच त्यानं मला तू म्हटलं. पावसाचं पाणी त्याच्या पापण्यांवरून गळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. हो म्हणायचं होतं मला. शब्द जिभेवर होता. पण माझ्याही नकळत शिट्टी तोंडाशी गेली. मी आखूड वाजवली.

काजू बसला. आणि नृसिंहही, गुडघ्यांवर हात ठेवून, ओल्या दगडावर मुकाट बसला.

"बसलो, मॅडम. आता तुमी उठ म्हणूस्तवर उठत न्हाय."

मी हसले. हसून उत्तर द्यायचं सोडून वळले आणि भराभर धुक्यात चालत सुटले. तो येईल मागून, अशी खात्रीच होती मला. तो नेहमी यायचा.

वर सपाटीवर देऊळ होतं. अवंतिकानं डोकी मोजली. बारा.

"नृसिंह कुठाय?"

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मोबाइलला रेंज नव्हती. दोघं दुसऱ्या वाटेनं गावातून माणसं आणायला धावले. मी उलटी फिरले. अवंतिका माझी सॅक धरून मागे येत होती. वळणावर पोचलो... दगड रिकामा होता. कडेचं गवत खाली ओढल्यासारखं झालं होतं आणि तांबडी माती नुकतीच उकरलेली दिसत होती.

"नृसिंह!" मी ओरडले. खाली ओढ्याचा आवाज, बाकी काही नाही.

फुर्र. फुर्र. फुर्र.

खालून... पण कुठून? डावीकडून वाटलं, लगेच उजवीकडूनही. पुन्हा तीन आल्या, आणि तिसरी घोगरी, पाणी भरल्यासारखी. त्यानंतर नुसती फुंकर ऐकू आल्यासारखी वाटली. मग तीही नाही.

गोळी अडकली होती. न अडकणारी शिट्टी माझ्या गळ्यात होती.

एवढ्यात काजू भुंकला. झुडपांतून वर येत होता, आवाज जवळ येत होता. मी शिट्टी वाजवली. भुंकणं थांबलं. मी कान देऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं पुन्हा भुंकणं आलं, पाचोळा सळसळला, मी पुन्हा वाजवली. पुन्हा सगळं शांत.

"येतोय येतोय आणि थांबतोय का गं?" अवंतिकाचा आवाज रडवेला झाला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो मदतीला बोलवायला वर येत होता, आणि मी त्याला बस म्हणत होते. पाच महिने मी तेवढी एकच शिट्टी वाजवली होती, हाताला आणि जिभेला दुसरी माहीतच नव्हती. खाली पाण्यात नृसिंह होता, आणि माझी भीती त्याच्या कुत्र्याला अर्ध्या वाटेत बसवून ठेवत होती.

लांब वाजवायला हवी होती. म्हणजे ते कुत्रं धुक्यातून, न दिसता, सगळा जीव लावून माझ्या अंगावर येणार. आणि त्याला चार हातांवर थांबवायचं नाही.

"अवंतिका, मला घट्ट धर. नाहीतर मी पळून जाईन."

मी छाती भरून घेतली आणि वाजवली. लांब... श्वास संपेपर्यंत.

आधी पाचोळा वाजला, मग पंजे. मग धुक्यातून एकदम तोंड, दात, चिखलानं माखलेली छाती. माझ्या सगळ्या अंगाला आखूड शिट्टी हवी होती. ती दातांतच होती. मी वाजवली नाही. काजूनं दोन्ही पाय माझ्या पोटावर टाकले आणि मी डोळे मिटून किंचाळले. पण चावला नाही. तो वळला, चार पावलं गेला आणि मागे बघत थांबला. धुक्यात वाट दिसत नव्हती. त्याचा पट्टा धरल्याशिवाय उतरणं शक्यच नव्हतं.

मी पट्ट्यात बोटं घातली. आयुष्यात पहिल्यांदाच कुत्र्याला हात लावला. मान ओली होती, आतून गरम, आणि थरथरत होती. म्हणजे तोही घाबरला होता.

अवंतिकाला वर थांबून तीन-तीन शिट्ट्या वाजवत राहायला सांगितलं, गावकऱ्यांना जागा कळावी म्हणून. मी बसून, घसरत, काजूच्या मागे उतरले.

नृसिंह ओढ्याच्या काठाला होता. उजवा पाय दोन दगडांत अडकलेला, पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं आणि वाढत होतं. ओठ निळे पडले होते.

"बोटं हलव," मी म्हणाले. "हलव म्हणते ना!"

"हलत्यात."

बुटाची नाडी पाण्याखाली चाचपून सोडली. पाऊल बुटातून हळूहळू बाहेर काढलं. तो दात खाऊन गप्प होता, मीच रडत होते. पाय मोकळा झाल्यावर त्याला ओढून वर खडकावर घेतलं आणि माझी ओढणी घोट्याला करकचून बांधली.

"तू बस म्हणालीस, मी बसलोवतो की," तो धापा टाकत म्हणाला. "पर तू दिसंनाशी झालीस. काळजी वाटली, उठलो... आन् घसरलो. काजूला दोनदा वर पाठवलं. दोनदा मधीच बसलं."

"माझ्यामुळं. मी अडवत होते त्याला."

"व्हय. तवाच कळलं, तू जवळच हायस. मला बरं वाटलं."

"मूर्ख आहेस तू," मी म्हणाले, आणि त्याचं गार पडलेलं तोंड दोन्ही हातांत धरून ठेवलं. "मला भीती वाटते रे. तुझी, ह्याची, सगळ्याची. मला वाटलं तू गेलास."

तो काही बोलायच्या आत वरून दोर आला, माणसं आली आणि त्यांच्या पुढे डोक्यावर इरलं घेतलेली एक चाळिशीची बाई. तिनं भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग काजूच्या पट्ट्यात पुन्हा गेलेल्या माझ्या बोटांकडे.

"हीच व्हय रं?"

"हीच, आक्का. पर अजून व्हय म्हणाली न्हाय."

"म्हणंल की. आधी तुला वर घेऊ दे," आक्का म्हणाली आणि दोर माझ्या हातात दिला.

घोट्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर, मग व्यायाम. व्यायाम मीच करून घेत होते, आणि त्या प्रश्नाबद्दल तो एका शब्दानंही बोलत नव्हता. ऑक्टोबरात एका सकाळी तो काठी घेऊन मैदानावर आला. मी त्याला पलीकडच्या गोलपोस्टपाशी काजूसोबत उभं केलं आणि इकडे बाकावर येऊन बसले. फिरायला आलेली म्हातारी मंडळी बघत होती. बघू देत.

मी लांब शिट्टी वाजवली.

काजू सुटलाच. माझे पाय आपोआप वर उचलले जायला लागले, मी ते खाली दाबून धरले. तो येऊन माझ्या गुडघ्यांवर आदळला. नृसिंह तिथंच होता. त्यानं छातीवर हात ठेवून खुणेनं विचारलं, मला?

मी पुन्हा वाजवली. आणखी लांब.

त्यानं काठी गोलपोस्टला टेकवून ठेवली आणि निघाला. लंगडत, सावकाश. तो पडेल या भीतीनं मी सगळं मैदानभर श्वास धरून होते. तो आला, धापा टाकत बाकावर बसला. मध्ये जागा मी ठेवलीच नव्हती.

"बोल," तो म्हणाला.

"आक्काला सांग, रविवारी येतोय आम्ही. आई-बाबांना घेऊन."

तो हसायला लागला आणि त्यानं माझा हात धरला. काजू माझ्या डाव्या पायावर डोकं ठेवून बसला. बस म्हणून त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.