गालसाहेबांचा शेरा

"माझ्या नवऱ्यानं ही ब्लेडं बदललेली नाहीत," ती म्हणाली, आणि दुधारी ब्लेडांचं एक पाकीट टेबलावर ठेवून रडायला लागली.

बाईंनी तिला रडू दिलं. पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर खरं रडणं कुठलं आणि गृहपाठ चुकवण्याचं कुठलं, हे त्यांना न बघताही कळे. निवृत्तीनंतर त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं आणि त्यांचे धाकटे दीर विनापगारी मदतनीस झाले होते. त्यांना सगळं गाव भावोजीच म्हणे. भावोजींच्या डोक्याला गती बेताची, पण दाढी घनदाट. या खेपेला तीच कामाला येणार होती.

"आता शिस्तीत सांग," बाई म्हणाल्या. "आधी कोण कुठे काम करतं ते."

तिचे वडील ब्लेडच्या कारखान्यात मुख्य परीक्षक होते. रोज सकाळी तिथल्या चाचणीच्या खोलीत दाढी करायची आणि ब्लेड कसं चाललं त्याचा शेरा लिहायचा, हेच त्यांचं तीस वर्षांचं काम. कारखाना त्यांना गालसाहेब म्हणे. तिचा नवरा तिथलाच भांडारपाल. कपाटातून चाचणीची ब्लेडं काढायची, रेझरमध्ये बसवायची आणि सासऱ्यांच्या हातात द्यायची, हे त्याचं काम. चार महिन्यांपूर्वी एक नवं ब्लेड तयार झालं. गालसाहेबांनी शेरा दिला, 'अतिशय मऊ'. माल बाजारात गेला आणि लोकांचे गाल सोलून निघाले.

"हॉस्पिटलातून ऑपरेशनआधी केस काढलेल्या पेशंटांच्या तक्रारी आल्या. सगळा माल परत आला," ती म्हणाली. "आता म्हणतात, चाचणीच्या वेळी नव्याच्या जागी जुनं चांगलं ब्लेड बसवलं आणि ते यांनीच केलं. दुसऱ्या कारखान्यानं फूस लावली म्हणे. किल्ली यांच्याकडे, म्हणून चोर हेच! सोमवारी पोलिसात तक्रार देणार आहेत."

"वडील काय म्हणतात?"

"गप्प असतात. आमच्याकडेच राहतात ते. दाढ काढल्यापासून जेवण तसंही कमी झालंय, त्यात हे. दोघं एका टेबलाशी बसतात आणि मान वर करत नाहीत. आई गेल्यावर बाबांनीच मला वाढवलं, बाई. ते खोटा शेरा देणार नाहीत. आणि माझा नवरा चोर नाही. मला दोन्ही माहीत आहे."

बाईंनी पाकीट दिरापुढे सरकवलं.

"भावोजी, दाढी करा."

"सकाळीच केलीय की, वहिनी!"

"तुमच्या दाढीला दुपार पुरते. जा."

दहा मिनिटांनी भावोजी बाहेर आले ते लालबुंद होऊन. डोळ्यांत पाणी होतं.

"आवाज काय सुरेख येतो हो! चर्र, चर्र. केस नुसते उतरत होते. म्हटलं, लोकांना काय, तक्रार करायला कारण लागतं. आणि मग सगळ्या तोंडाची आग आग झाली."

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि चप्पल पायात घातली.

भांडारपाल घरीच होता. कामावरून काढल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता. बायको पाणी आणायला आत गेली तरी त्याचे डोळे दारावरच होते.

"ब्लेडं तुम्ही बदललीत?"

"नाही."

"मग कुणी?"

"कुणीच नाही."

"म्हणजे सासऱ्यांनी खोटा शेरा दिला?"

त्यानं पुन्हा दाराकडे पाहिलं. बायको पाणी घेऊन आली तसा म्हणाला, "मी बदलली नाहीत. एवढंच धरून चला. बाकी मला विचारू नका."

"चोराच्या मनात चांदणं!" रस्त्यावर आल्याआल्या भावोजी म्हणाले. "यानंच केलंय."

"चोर दुसऱ्याचं नाव घ्यायला टपलेला असतो, भावोजी. यानं कुणाचंच घेतलं नाही."

कारखान्याचे व्यवस्थापक घाईत होते. तक्रारीचा मसुदा समोरच पडला होता.

"धार आम्ही यंत्रावर तपासतो, दोरा कापून. त्यात नवं ब्लेड पहिलं आलं. पण यंत्राला कातडी नसते. तिथे शेवटचा शब्द गालसाहेबांचा."

"चाचणी कशी होते?"

"उजव्या गालावर जुनं ब्लेड, डाव्यावर नवं. त्यांचाच शिरस्ता आहे तो, पहिल्या दिवसापासूनचा. शेवटचा हात ते डोळे मिटून फिरवतात. आरसा फसवतो म्हणतात."

"कधी उलट? नवं उजवीकडे?"

"कशाला? ठरलेलं आहे ते."

"आणि वापरलेली ब्लेडं?"

"लिफाफ्यात जपून ठेवतो. गालसाहेब स्वतःच्या हातानं ब्लेड रेझरमधून काढतात, लिफाफ्यात घालतात, चिकटवतात आणि वर सही करतात."

"त्या दिवसाचा डाव्या गालाचा लिफाफा उघडून पाहिलात?"

व्यवस्थापकांनी बाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांनी भलतंच काही विचारलं होतं. "गालसाहेबांची सही फोडायची? बाई, तीस वर्षांत ती कुणी फोडलेली नाही."

ब्लेडच्या धारेवर डोळ्याला न दिसणारा पातळ लेप चढवतात. त्याच्यामुळे ब्लेड कातडीवरून घसरतं. लेप विभागाची प्रमुख एक सडपातळ, फटकळ बाई होती.

"नव्या ब्लेडावरचा लेप जागोजागी सुटतो, हे मी लेखी कळवलं होतं," ती म्हणाली. "पण गालसाहेबांचा शेरा आला, 'मऊ'. मग माझ्या कागदाला कोण विचारतो?"

"तुमचा त्यांच्यावर राग दिसतो."

"आहेच. हल्ली फारच डोक्यावर बसलेत. चाचणीच्या वेळी पंखासुद्धा बंद करायला लावतात. वाफेनं जीव गुदमरतो. रेडिओ होता तिथे, तोही काढून टाकला. पूर्वी हाच माणूस गाणी ऐकत दाढी करायचा!"

"हे केव्हापासून?"

"झाले आठेक महिने."

"वापरलेलं ब्लेड नव्या बनावटीचं की जुन्या, ओळखाल?"

"सूक्ष्मदर्शकाखाली दोन मिनिटांत. द्या तर खरं."

गालसाहेब चाचणीच्या खोलीत चहा पीत बसले होते. पांढराशुभ्र शर्ट, देखणा माणूस. हनुवटीच्या उजव्या बाजूला मोहरीएवढी खरचट होती आणि तिच्यावर तुरटी नीट फिरवलेली दिसत होती. डाव्या जबड्याखाली मात्र नखभर लांब काप होता आणि त्यातून ओघळलेलं रक्त कॉलरवर वाळून काळं पडलं होतं. बोलता बोलता चहाचा एक थेंब त्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून निघून शर्टावर पडला. ते बोलतच राहिले. भावोजींनी सभ्यपणे छताकडे पाहिलं.

"जावयानं ब्लेडं बदलली असतील?" बाईंनी विचारलं.

"मी काय सांगणार? गालाला कळलं ते मी लिहिलं."

"माणूस कसा आहे तो?"

"चांगला आहे. तरुण आहे." गालसाहेबांनी कप खाली ठेवला. "तरुणपणी बसलेला धक्का माणसाला परवडतो."

बाईंनी शेऱ्यांची वही मागून घेतली आणि तासभर वाचली. जुन्या पानांवर प्रत्येक ब्लेडाला चार-चार ओळी होत्या. 'तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली ओढतं.' 'पहिला हात छान, दुसऱ्याला कातडी चुरचुरते.' उजव्या गालाच्या रकान्यात असे शेरे कालपरवापर्यंत होते. डाव्या गालाच्या रकान्यात आठ महिन्यांपासून एकेकच शब्द होता. 'मऊ.' 'ठीक.' 'मऊ.'

सोमवारी सकाळी सगळे चाचणीच्या खोलीत जमले. भांडारपाल बायकोच्या आग्रहावरून आला होता आणि दाराशी उभा होता. व्यवस्थापकांच्या खिशात तक्रार होती.

"आधी लिफाफा," बाई म्हणाल्या.

व्यवस्थापकांनी जड हातानं सही फोडली. लेपवाल्या बाईंनी ब्लेड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि दोन मिनिटंही लागली नाहीत.

"हे नवंच आहे. लेप सुटलेला. बाजारात गेलं तेच."

"म्हणजे गालसाहेबांच्या गालावर नवंच ब्लेड फिरलं होतं," बाई म्हणाल्या. "कुणी काहीही बदललं नव्हतं."

मुलीनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. मग तिच्या लक्षात आलं.

"पण मग बाबांनी..."

"थांब. गालसाहेब, आमच्यासाठी एकदा दाढी कराल? तुमच्या शिरस्त्यानं. रेझर भावोजींनी तयार ठेवलेत."

बाईंनी पंख्याचं बटण दाबलं. जुना पंखा घरघरायला लागला.

"तो बंद करा," गालसाहेब म्हणाले.

"राहू दे. इतकी माणसं आहेत, उकडतंय."

गालसाहेबांनी लेकीकडे पाहिलं. नाही म्हणायला जागा नव्हती. त्यांनी फेस केला, डोळे मिटले आणि उजव्या गालावरून हात फिरवला.

"जुनंच आहे. चारेक दाढ्या झालेलं. मिशीजवळ किंचित अडतं."

"बरोबर," भावोजी पुटपुटले. "चारच झाल्यात."

डाव्या गालावरून रेझर सावकाश खाली आला. गालसाहेब क्षणभर थांबले. पंखा घरघरत होता.

"मऊ," ते म्हणाले. "चांगलं आहे."

बाईंनी त्यांच्या हातातून रेझर घेतला, मूठ फिरवली आणि वरची पट्टी काढून सगळ्यांना दाखवली. आत ब्लेड नव्हतंच.

बाईंनी पंखा बंद केला.

"दाढ काढताना नस दुखावली," त्या म्हणाल्या. "आठ महिने झाले. डावीकडे यांना काही कळत नाही. उजवीकडच्या मोहरीएवढ्या खरचटीला तुरटी लावली, पण डावीकडे रक्त कॉलरपर्यंत गेलं त्याचा पत्ता नाही. चहा सांडला तोही त्याच बाजूनं. शेरे त्याच बाजूचे आटले."

"पण शेरा देत तर होते!" व्यवस्थापक म्हणाले.

"कानानं. म्हणून रेडिओ गेला आणि पंखा बंद झाला. धार चांगली असली की आवाज सुरेख येतो. नव्या ब्लेडाची धार खरंच चांगली होती, खोट लेपात होती. ती कानाला कशी कळणार? भावोजीही त्या आवाजाला भुलले. पण त्यांची आग झाली."

"झाली," भावोजी म्हणाले.

"यांनी कुणाकडून काही घेतलं असेल, ही शंका मलाही आली होती. पण शेरे आटले ते आठ महिन्यांपूर्वी. तेव्हा हे नवं ब्लेड जन्मालाही आलं नव्हतं. आणि तुमच्याबद्दल म्हणाल तर साहेब, तुम्ही एकदा जरी नवं ब्लेड उजवीकडे द्या म्हणाला असतात, तरी हे सगळं त्याच दिवशी उघड झालं असतं."

व्यवस्थापकांनी मान खाली घातली. मुलगी मात्र वडिलांकडे बघत होती. तिचा चेहरा उजळला होता, आणि ते बघून बाईंना वाईट वाटलं.

"म्हणजे बाबा खोटं बोलले नाहीत," ती म्हणाली. "त्यांना कळलंच नाही. हो ना, बाबा?"

बाईंनी पुढचा प्रश्न गिळायचं ठरवलं होतं. पण लेपवाल्या बाईंनी तो विचारलाच.

"गाल लाल झाला असेल ना? आरशात दिसला नाही?"

गालसाहेबांनी तोंडावरचा फेस पुसला.

"दिसला," ते म्हणाले. "पावडर लावली."

"बाबा!"

"काय करायला हवं होतं मी? गाल गेला म्हणून सांगायचं? दुसरं येतं काय मला? तीस वर्षं हा गाल विकून तुला वाढवलं."

"आणि यांना पोलिसात देत होते, तेव्हा?"

"त्याचं वय आहे. त्याला दुसरीकडे काम मिळालं असतं."

ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"आळ आल्यावर लक्षात आलं," भांडारपाल म्हणाला. "रक्त आलं की मीच बोटानं दाखवायचो त्यांना, रोज. नीट पाहा म्हणायचो. आपलं लक्ष नसतं म्हणायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या तोंडून बाबा, बाबा ऐकतो ना दिवसभर," तो म्हणाला. "जीभ उचलली नाही."

व्यवस्थापकांनी तक्रार फाडली. भांडारपालाला उद्यापासून कामावर यायला सांगितलं, आणि गालसाहेबांना येऊ नका असं सांगताना ते भिंतीकडे बघत होते. गालसाहेबांनी आपला ब्रश आणि टॉवेल पिशवीत भरला. लेकीच्या जवळून जाताना ते थांबले, पण ती बाजूला सरकली.

फाटकापाशी तिनं बाईंना गाठलं.

"मी तुमच्याकडे यायलाच नको होतं," ती म्हणाली.

"अगं, नवरा तुरुंगात गेला असता तुझा!" भावोजींना राहवलं नाही.

"गेला असता. आणि एक दिवस सुटून आला असता." ती बाईंकडे बघत होती. "बाबा आता कुठून यायचे, बाई?"

बाईंना तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तो ठेवायचा हक्क आपल्याला उरलेला नाही हेही त्यांना कळत होतं. त्या रस्त्याला लागल्या, आणि भावोजी त्यांच्या मागून निघाले.