धाकट्याची होडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कोणी खी-खी केलं तर मी उठून जाईन. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या मिस्त्रीची आहे, आणि तो माणूस थापाड्या नव्हे.

मिस्त्रीकडे एक लहानशी शिडाची होडी दुरुस्तीला आली. आणली थोरल्याने, पण होडी त्याच्या धाकट्या भावाची. वर्षभर धाकटा सांगत होता, "दादा, तळाची फळी कुजलीय, बदलू या." दादाचं आपलं एकच, "फटींत लांबी भर, वर रंग मार, काही होत नाही!" भर समुद्रात ती फळी फुटली. होडी लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकली. धाकटा काही परत आला नाही.

आणि आता हा नालायक तीच होडी एका मास्तरांना विकत होता! शुक्रवारी सकाळी मास्तर आपल्या दोन्ही मुलींना घेऊन तिच्यातून निघणार होते.

"अहो, फळी अख्खी गेलीय," मिस्त्री म्हणाला. "बोट लावलं तर बोट आत जातंय."

"तुला अक्कल विचारली का? भोकावर पट्टी ठोक, लांबी भर, रंग मार. नाही तर दुसरा करेल."

मिस्त्रीने मान डोलावली. इथेच माझं डोकं फिरतं! एवढा हाताचा कसबी, पण मूग गिळून बसला. स्वतःवरच चडफडत त्याने पट्टी ठोकली.

गुरुवारची रात्र, पावणेबारा वाजलेले. शेडमध्ये एकच बल्ब. होडी दोन लाकडी घोड्यांवर पालथी घातलेली. सकाळपर्यंत वाळायला हवा म्हणून मिस्त्री घाईघाईने शेवटचा पांढरा रंग देत होता.

टक.

उंदीर असेल, म्हणून त्याने दुर्लक्ष केलं.

टक… टक.

आवाज होडीच्या आतून येत होता. अगदी त्या पट्टीखालून. मिस्त्रीने वाकून पाहिलं. आत कोणी नव्हतं.

"कोण आहे रे? हिंमत असेल तर समोर ये!"



मग लांबी फुगली. आतून कोणीतरी रेटल्यासारखी. पट्टीचा एक खिळा वर आला. दुसरा आला. पट्टी खाली पडली. आणि भोकातून पाणी वर आलं…

पंधरा दिवस कोरडी होडी. मिस्त्रीने बोट लावून चाखलं. खारट.

तो पळाला नाही. "चिडलास ना?" तो पुटपुटला. "चीड बाबा. मला शरम वाटायला हवी होती."

कुऱ्हाड घेतली. घातली. पुन्हा घातली. लांबीच्या बापालाही झाकता येणार नाही, एवढा तळ फोडला.

सकाळी मास्तर आले, तेव्हा मिस्त्रीने सगळं कबूल केलं. मास्तरांनी दोन्ही मुलींना घट्ट जवळ ओढलं. ते बघून मिस्त्रीचा संताप असा उसळला की तो तडक थोरल्याच्या घरी गेला आणि दार बडवायला लागला. आतली कडी काढून वहिनींनी दार उघडलं. मागून थोरला डोळे चोळत आला. रात्रभर बिछान्यातून हलला नव्हता.

"काय रे, सकाळी सकाळी कशाला बोंबलतोस?" तो खेकसला.

मिस्त्रीने शिवी द्यायला तोंड उघडलं… आणि तसंच मिटलं.

वहिनींनीही वळून पाहिलं.

थोरल्याच्या डाव्या गालावर पाच बोटं उठली होती. पांढऱ्या रंगाची. अजून ओली.